पान एक्केचाळीस

आमच्या संग्रहालयाला तिकीट नाही.
पूर्व भागात, बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये
दोन खोल्या, नऊ कपाटं, एक पंखा
आणि दाराशी माझं टेबल. वर पाटी: विक्री विभाग.

टॉवेलच्या कापडाचे बटवे आहेत.
सुताच्या रिकाम्या कोनांच्या बाहुल्या,
ज्यांचे डोळे दर खेपेला थोडे तिरळे येतात.
पोस्टकार्डावर गिरणीचं धुराडं,
आता तेवढ्यापुरतंच उभं.
धोट्याच्या कीचेन आहेत, सुतार शेकड्यावर करून देतो.
खरे धोटे वेगळ्या टोपलीत,
भंगारातून किलोवर आणलेले, दीडशेला एक.
बाहेरगावची माणसं हात फिरवून म्हणतात, किती गुळगुळीत!
कुणाच्या हातानं, ते मलाही ठाऊक नाही.

आणि पुस्तक. एकच. पेठेचा इतिहास,
पानं शहाण्णव, किंमत एकशेवीस.
वडनाल मास्तरांनी अकरा वर्षं खपून लिहिलं,
फंडाच्या पैशातून छापलं.
मास्तर गेले, गठ्ठे राहिले.

लोक पुस्तक घेत नाहीत, चुका काढतात.
पहिला भोंगा साडेपाचला नव्हे हो, पाचला.
ती विहीर बुजवली नाही, विकली. विहीर विकतात का? विकली.
यादीत आमचा आजोबा नाही, मग घेऊन करू काय?
मी सगळं दोनशेपानी वहीत उतरवतो.
वही आता पुस्तकाहून जाड झालीय.
ती विक्रीला नाही.

मंगळवारी, लाइट गेलेली, लचमव्वा येन्नम आली.
बरोबर नात, शाळेचा प्रकल्प छातीशी धरलेला.
पोरगी दाराच्या उजेडात उभी राहून वाचू लागली,
पान एक्केचाळीस:
"स्त्रिया फावल्या वेळात घरी विड्या वळत."

फावल्या म्हंजे?
रिकाम्या, अव्वा.

म्हातारी हसली. पदर तोंडात धरून,
मग पदर सोडून.
काय हसलालाव, मावशी?
ती बोलली नाही, बोट पुढं केलं.
शेवटच्या पेराला दोऱ्यानं पाडलेली खाच.
"हजार. रोज. एक मांडीवर, एक पोटात,
आन् सूप कुठं ठिवायचं सांग.
मुकादम छाटायचा. वाकडी, छाट. सैल, छाट.
डोळ्यादेखत चुरगाळायचा, मजुरीबी कापायचा.
पेन हाय का तुझ्याकडं?"

मी पुढं केलं. तिनं घेतलं नाही,
नुसतं ते खाचेचं बोट शब्दावर टेकवलं.
"हितं. ह्यो छाट."

मी छाटला.
"अव्वा, आता वाक्य चुकलं," नात म्हणाली.
"चुकू दे."

त्या गेल्यावर गठ्ठे सोडले.
एकशे त्रेचाळीस प्रती.
पहिल्या वीसेक पट्टी लावून, पुढं हातानंच.
साठाव्या-सत्तराव्या प्रतीला आठवलं,
मास्तरांची आईही विड्या वळायची.
तिच्या सुपाशेजारी, तिच्याच कंदिलात
मास्तर सातवी पास झाले.
घरात फावला वेळ असलाच
तर तो मास्तरांचा होता.
हे वहीत लिहावं की नाही, ठरेना.
तंबाखूच्या वासात वाढलेल्या माणसाला
तो वास येईनासा होतो, एवढंच लिहिलं.
मग तेही खोडलं.

शनिवारी हैदराबादकडचे एक गृहस्थ,
गाडी बाहेर चालूच ठेवलेली.
पुस्तक चाळलं, नेमकं तिथंच उघडलं.
"इथं खाडाखोड आहे. कोरी प्रत द्या."
सगळ्या अशाच आहेत.
"शब्द गळालाय बहुतेक."
गळाला नाही, छाटलाय.
"मग दहा रुपये कमी करा."

मी केले नाहीत.
त्यांनी कीचेन घेतली.