फक्कीची रेघ

एकतीस वर्षं या रेघेवर आडवा चाललो,
खेकड्यासारखा.
आत कधी गेलो नाही, बाहेरही नाही.
मिळालं काय? कटिंग, एक वडा,
आणि दोन्ही पेठांच्या शिव्या. त्या मात्र पोटभर.

उद्यमनगरात फौंड्रीची रात्रपाळी,
दुपारी शाहू स्टेडियम,
बुटात काल रात्रीची वाळू तशीच.

त्या फायनलला झेंडा वर केला आणि गोल गेला.
मारणारा रणधीर, बायकोचा सख्खा भाचा.
महिनाभर पापाच्या तिकटीवरनं फिरकलो नाही,
गंगावेशीतनं वळसा.
घरी आक्काताईनं ताट वाढलं,
पाणी ठेवलं नाही.

एक वीत असेल. की चार बोटं?
डोळा लागता लागता तो पाय येतो अजून
फक्की उडवत,
आणि मी चादरीत झेंडा चाचपतो.

आज नारळ, शाल, फेटा.
सेक्रेटरी नाव चुकला: भाऊसाहेब म्हणाला.
मी बाबासाहेब. असू दे.
पोरांनी टाळ्या वाजवल्या,
निम्म्यांना ठाऊक नव्हतं कशासाठी.

गर्दी पांगल्यावर रणधीर आला.
टक्कल पडलंय, गुडघ्याला पट्टा.
माझ्याकडं नाही, रेघेकडं बघत म्हणाला,
“मामा, आता तरी सांगा.
होतो का मी ऑफसाइड?”

“होतास,” म्हणालो. लगेच.

झेंडा अजून जमा करायचा होता.