फाटकाजवळचा फळा

शाळेला कुलूप लागलं त्याच्या तिसऱ्या दिवशी
चौथीच्या वर्गातला फळा मी उचलून आणला.
फाटकाच्या केबिनला टेकवला, तेव्हा गेटमन तुळशीदास म्हणाला,
बाई, रेल्वेच्या भिंतीला रेल्वेविरुद्ध काही नको.
म्हटलं, विरुद्ध नाही रे,
विषयी.

कारण दुसऱ्या रुळाची नोटीस चिकटली होती
पंचायतीच्या दारावर,
आणि पंचायत बंद.
हरकती पंधरा दिवसांत, समक्ष येऊन.
समक्ष!
कासावलीच्या बाजारात मिरच्या आणायला गेलेल्या माणसाला
पोलीस उठाबशा काढायला लावत होते तेव्हा.

मी लिहायची:
सोमवार. मोजणीची माणसं तीन.
खुंट्या अकरा, डोकी तांबडी.
जेसीबी एक, नादुरुस्त.
पाव उद्या सातला.

खाली बोस्त्यांवची नात लिझेट तेच रोमीत उतरवायची.
माझ्या चार ओळींच्या तिच्या दोन व्हायच्या,
काय गाळते ते मी विचारलं नाही.

मत लिहायचं नाही, एवढा एकच नियम.
मत वाड्यात भरपूर होतं.
त्या वर्षी पाहुणे न आल्यामुळे फणस जसे
झाडावरच पिकून फुटले,
तसं ते घराघरात.

माणसं एकेकटी यायची,
दुकानासमोर मारलेल्या चुन्याच्या वर्तुळांत उभं राहून
लांबून वाचायची, डोळे बारीक करून.
पियेदादला अक्षर येत नाही. ती बाल्कांवातूनच हाक मारी,
टीचर, आज कितें?
मी मुखपट्टीतून ओरडायची, अकरा!
तिला बारा ऐकू येई. बारा तर बारा,
दुसऱ्या दिवशी खरंच बारा व्हायच्या.

प्रवासी गाडी एकही नाही.
कोळशाची मात्र यायची, रात्री दीडला,
पडवीत वाळत घातलेल्या सोलांवर
काळा हात फिरवून जायची.
तेही लिहिलं. वेळेसकट.

एका सकाळी फळ्यासमोर एक पोरगा उभा,
कामगारांच्या पत्र्याच्या शेडमधला, झारखंडचा.
देवनागरी वाचत होता, बोट हवेत फिरवत.
हमारा कुछ लिखा है इसमें?
मी फळ्याकडे पाहिलं.
खुंट्या होत्या, जेसीबी होता, पाव होता.

मंगळवार. शेडमध्ये चौदा जण.
मुकादम गुरुवारपासून गायब.
तांदूळ संपला.

दिवेलागणीपर्यंत शेडच्या दारात
उकडा तांदूळ, खारे बांगडे, दोन नारळ,
आणि साबणाची एक वडी.
साबण मिंगेलचा.
रुळावर आडवा पडेन, पण काम होऊ देणार नाही
असं आठवडाभर गच्चीवरून ओरडणारा मिंगेल.
उद्या तीच पोरं त्याच्या माडाला दोर लावणार होती,
त्यालाही ठाऊक होतं,
फळ्यावर होतं.

मग एक गोष्ट मी लिहिली नाही.

बुधवारी माझ्या कुंपणावर तांबडा पट्टा आला,
चिकूच्या बुंध्यावर आकडा, सत्तावीस.
बुधवारी लिहिलं, काम संथ.
गुरुवारी लिहिलं, हवा ढगाळ.
शुक्रवारी खडू सापडत नाही असं स्वतःला सांगितलं,
खडूंचा डबा मांडीवर घेऊन.

शनिवारी फळ्याजवळ गेले
तर रोमीत एक ओळ जास्त.
रोमी मला अडखळत वाचता येते,
पहिलीतल्या मुलासारखी, ओठ हलवत:
टीचरचें कुंपण. आठ फूट.

चुन्याच्या वर्तुळात लिझेट उभी होती.
मुखपट्टीच्या वर नुसते डोळे,
त्यांत ना माफी, ना काही.

मी डस्टर उचललं,
परत ठेवलं.
घरी गेले, शाळेची फूटपट्टी काढली,
कुंपणापासून पट्ट्यापर्यंत वाकून, गुडघे टेकून, मोजत गेले.
मग येऊन वर माझ्या अक्षरात लिहिलं, तारीख घालून,
आणि खाली तिचे आठ फूट खोडून
सात फूट दहा इंच केले.