मुकादमासाठी कोडी

एकवीस वर्षं मी पेपरात शब्दकोडं लावलं,
शेवटून दुसऱ्या पानावर, राशिभविष्याच्या खाली.
मग एका सोमवारी तिथे प्लॉटची जाहिरात आली,
मला कुणी कळवलंही नाही.
तीन वाचकांचे फोन आले. त्यातला एक राँग नंबर.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे लांजेवार
बदली होऊन चंद्रपूरला गेले
आणि जाताना ससा माझ्याकडे ठेवून गेले.
"दोनच महिने, काका. काही त्रास नाही त्याचा."
येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील.

नाव मुकादम.
कारण तो स्वतः काही करत नाही,
नुसता घरभर फिरून हनुवटी घासतो
खुर्चीच्या पायाला, चौकटीला, माझ्या चपलेला:
तपासलं, तपासलं, हेही माझं.

पहिले पंधरा दिवस तो पिंजऱ्याची एकच सळई चावत होता.
डावीकडून चौथी.
रात्रभर तो आवाज.
मीही तेव्हा बाल्कनीत उभा राहून
खामल्याच्या चौकातल्या सिग्नलचे आकडे मोजायचो,
नव्वदपासून खाली.
डॉक्टर म्हणाले, आजारी नाही, कंटाळलाय.
ससा कंटाळतो
हे मला साठाव्या वर्षी कळलं.

पिंजरा भंगारवाल्याला दिला
आणि पुन्हा कामाला लागलो.

आधी सोपं: पुठ्ठ्याच्या नळीत वाळली हरळी,
दोन्ही तोंडं दुमडलेली.
अकरा मिनिटं.
दुसऱ्या दिवशी चार.
तिसऱ्या दिवशी त्याने नळीच फाडली.
असे वाचकही मला ठाऊक आहेत.

मग सहा उपड्या वाट्या, एकीखाली सांबार.
मग कूलरच्या खोक्याला तीन दारं, त्यातलं एक खोटं.
मग उकरायला परात, जुन्या पायजम्याच्या चिंध्यांनी भरलेली,
तळाशी गाजराचा नखाएवढा तुकडा.
नखाएवढाच, डॉक्टरांनी बजावलंय.
संत्र्याला तो तोंड लावत नाही.
नागपुरात राहून! मी कुणाला सांगत नाही.

गोकुळपेठेच्या बाजारात देवकाबाई विचारते,
"काऊन जी, रोज रोज सांबार?
घरी पंगत बसते का?"
म्हटलं, एकजण आहे, परीक्षेला बसलाय.
"अन् पास होऊन राह्यला का?"
होऊन राह्यला, बाई. पेपर काढणाऱ्याचेच हाल आहेत.

नवतपात मात्र सुट्टी.
शेहेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रंही नाही.
तो ओल्या फरशीवर लांब होऊन पडतो,
बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतो मी,
तिला पाठ टेकवतो.
कूलरची वायर भिंतीवर उंच चढवली आहे
(एकदा तिचंही उत्तर शोधून झालंय),
वाळ्याचा वास, पंप गुरगुरतो,
आम्ही दुपार ढकलतो.

पहाटे चारला जरा हवा सुटली
की तो बैठकीच्या खोलीत पळत सुटतो,
मध्येच हवेत उडी, अंगाला पीळ,
उतरताना तोंड भलतीकडे.
याला शब्द शोधतोय.
उसळीत पीळ नाही. गिरकीत उडी नाही.
कोश दोनदा चाळला.

परवा पलंगाखालचा गठ्ठा त्याने ओढून काढला,
एकवीस वर्षांची कात्रणं, सुतळीने बांधलेली.
मी पोचेपर्यंत सुतळी गेली होती,
आणि पुष्कळशा कडा.
ओरडणार होतो.
एक कात्रण उचललं.
तेरा आडवा: न बोलावता येतो,
हाकलल्यावर जात नाही. तीन अक्षरी.
माझंच. कुठल्या सालचं, आठवेना.
उत्तरं पानाच्या तळाशी होती, ती त्याने खाल्लीत,
आणि तेरा ज्यांना छेदतो ते उभे शब्दही.

पाहुणा बसतो.
कंटाळाही बसतो.

जमिनीवर बसून पेन्सिल शोधली,
तिच्याही टोकाला दातांच्या खुणा.
मुकादमाने माझ्या गुडघ्याला हनुवटी घासली
आणि पुढच्या कात्रणाकडे गेला.