आणि त्याचा माणूस

फोटोत एडका पुरा आलाय.
शिंगांना पितळी टोप्या, पाठीवर झूल,
झुलीवर पलटणीचा नंबर.
उजव्या कडेला एक हात:
कोपरापासून पुढचा, बाहीची दोन बटणं,
मुठीत साखळी.
तो हात आमचा खापरपणजोबा.
सटवाजी हटकर. बाकीचा सटवाजी
काचेच्या बाहेर राहिला.

माझा हिंगोलीत स्टुडिओ आहे, बसस्टँडच्या मागं.
दिवसभर सांगतो, हनुवटी वर, खांदा आत.
कडेला कुणाचा कान जरी तुटला
तरी पुन्हा काढतो, त्याच पैशात.
कामून एवढं, पोरगा विचारतो.
मी लाइट नीट करायला लागतो.

छावणीत साहेबानं विचारलं म्हणे,
मेंढरं कोण राखतं?
ह्यानं हात वर केला.
बंदूक मागायला गेला होता,
एडका मिळाला.

एडक्याला नाईकाचा हुद्दा,
शेरभर हरभरा, थंडीत गूळ.
हा साधा शिपाई.
सकाळी टाचा जुळवून आधी सलाम,
मग लेंड्या भरायच्या.

आगबोटीत दोघंही ओकले.
ब्रह्मदेशात पाऊस उघडेना,
जळवा माणसात आणि नाईकात फरक करेनात.
लोकर कुजायला लागली तशी
ह्यानं एका रात्रीत कातरून टाकली, घरच्यासारखी.
हुकमाशिवाय वरिष्ठाचे केस कापले
म्हणून पंधरा दिवसांचा पगार गेला.
(इथं आजा दर वेळी हसायचा,
आणि आम्हीही, ऐकलेलं असूनही.)

मग एडका तापानं गेला.
त्याला बंदुकांची सलामी झाली.
त्याच आठवड्यात गेलेल्या तिघांना
नुसती माती.
त्यातला एक कळमनुरीचा होता,
त्याचं नाव आजाला आठवायचं नाही.

सटवाजी घरी आला तेव्हा आईचा नवस तयार होता:
पोरगं परतलं तर बिरोबाला एडका.
कयाधूच्या अंगाला, ठाण्यापुढं,
भंडारा लावला, पाठीवर पाणी शिंपडलं,
आता त्यानं अंग झाडायचं, मग सुरी.
एडका झाडीना.
सगळे वाट बघायलेत.
आणि सटवाजी उभा टाकला,
टाचा वाजल्या, हात कपाळाला.

लोक हसले.
हात खाली येईना तसे
हसायचे थांबले.

पुढचं आजा दोन तऱ्हांनी सांगायचा.
बरा असला की: सोडून दिला एडका,
म्हातारा होऊन मेला.
नसला की: कापला, कामून नाही कापणार,
देवाचं देणं होतं.
सटवाजी तेवढा जेवला नाही.
आई म्हणाली, मी तुला मागून घेतलं
आणि तू ताटावरून उठतोस.

फोटो निघाला घोंगडीच्या एका तुकड्यात.
वीतभर असेल, कसरीनं खाल्लेला,
लोकर इकडची वाटत नाही, फार मऊ.
मी कुणाला विचारलेलं नाही.

मागं इंग्रजीत दोन ओळी, शाई तपकिरी.
शाळेतल्या सरांकडून वाचून घेतल्या:
नाईक अमुक, एडक्याचं साहेबी नाव,
आणि त्याचा माणूस.
सर म्हणाले, नाव नाही बघा माणसाचं.
मी म्हणालो, असू द्या.

काल रात्री दुकान बंद केल्यावर
स्कॅन करून मोठा करून पाहिला.
कडेपलीकडं काही येत नाही, ते मला माहीत आहे,
हाच धंदा आहे माझा.
पण साखळी दिसली, कडी न् कडी.
ती ताणलेली नाही.
मधे चांगली वीतभर झोळ आहे.