वाऱ्याला काम

बेटावरच्या शाळेत नकाशा पसरलाय,
कोपऱ्यांवर चहाचे चार मग.
पवनचक्की कुठे, यावर ही तिसरी संध्याकाळ.
टॉर्किल म्हणतो, टेकडीवर.
डोनालिना म्हणते, तिथं टिटव्या अंडी घालतात.
फळ्यावर कर्जाचा आकडा,
कुणीतरी गुपचूप एक शून्य पुसलेलं.

यंदा समुद्र दफनभूमीच्या भिंतीला टेकला,
हे कुणी बोलत नाही.

एफी उठते, वय ब्याऐंशी:
"माझ्या मेंढ्यांचं कुरण घ्या.
या वाऱ्यानं माझं काय काय नेलं
दोन छपरं, एक होडी,
होडीतला इयन.
आता जरा राबू दे मेल्याला."

लगेच कुणी हसत नाही.
मग हसतात.

हात वर होतात. टॉर्किल दोनदा मोजतो.
बाहेर जनरेटर खोकतो,
डिझेलची बोट गुरुवारी.