बिनतारी

तीस वर्षं या प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे.
वीस संगणक, वीस खुर्च्या,
पायात येणाऱ्या निळ्या केबलींची जुडी,
आणि दाराबाहेर रांग.
"बा चिवेले, पाचच मिनिटं," म्हणत आत घुसलेली मुलं
दोन तासांनी हाकलावी लागत.

आता रांग नाही.
गेल्या मार्चमध्ये ग्रंथालयाच्या छतावर
बशीएवढी एक पांढरी पेटी बसवली
(शिडी मीच धरली होती)
आणि ज्याच्या त्याच्या मांडीवर ज्याचा त्याचा लॅपटॉप.
जॅकरँडाखाली पूल वाकतात,
कँटीनच्या कट्ट्यावर मोटारी फिरतात.
मुतिंता म्हणते, जिन्याच्या सातव्या पायरीवर
रेंज सगळ्यांत चांगली,
आठवीवर बसलात की गेली.
भिंतीआरपार जे जातं
त्याला एका पायरीचं काय वावडं,
हे मला कोणी समजावलेलं नाही.
मी विचारलं नाही, ते वेगळं.

जांभळी फुलं कीबोर्डवर पडतात.
फुंकर मारायची, पुढचं समीकरण.

किल्ली खिशात असते.
खिसा झिजला आहे.

कसुबाचा बाप खाणीत होता.
किटवेत कोणाचा नसतो?
बावीस वर्षं, नऊशे मीटर खाली.
निवृत्तीच्या पैशांतून छपराचे पत्रे येणार होते.
लॅपटॉप आला.
घरावर अजून ताडपत्री आहे,
हे कसुबा सांगत नाही; मुतिंता सांगते.

शनिवारी तो बघायला आला.
इस्त्रीचा कोट, रुमालात दाबलेला खोकला.
पोरगी सातव्या पायरीवर, तोंडावर पडद्याचा उजेड.
त्याने लॅपटॉपच्या मागे पाहिलं,
डावीकडे, उजवीकडे,
वाकून जिन्याखालीसुद्धा.
"याची तार कुठे आहे?"
"तार लागत नाही, ताता."
"मग येतं कसं?"
"हवेतून."
तो हवेकडे बघत राहिला.
पलीकडे खाणीच्या काळ्या मळीचा डोंगर.
"म्हणजे आता तांबं लागणार नाही,"
तो म्हणाला, चिडून नव्हे,
बस सुटली हे सांगावं तसं.

कसुबाला उत्तर येत होतं.
तिसऱ्या सत्रात आहे ते, चौथा धडा.
पण बापाला धडा कसा सांगायचा?
तिने माझ्याकडे पाहिलं.

तीस वर्षांत पहिल्यांदा
कोणी न मागता मी किल्ली काढली.

कपाटात एक मेलेला लॅपटॉप होता,
चिलेक्वाचा, फँटा सांडलेला.
बारा स्क्रू. एक हरवलेला, म्हणजे अकरा.
झाकण काढलं, पंखा काढला,
हिरवी पाटी खिडकीशी धरली
आणि पातीने वरचा रंग खरवडला.
खाली तांबं.
केसासारख्या बारीक, वळत, चुकवत,
एकमेकींना न शिवणाऱ्या
शेकडो वाटा.
पडद्याच्या कडेतली पट्टीही सोलून दाखवली:
हवेतलं ऐकतो तो कान हा.
तोही तांब्याचा.

बापाने चष्मा लावला. काढला. पुसला. लावला.
मग बोटाने एक वाट धरून चालू लागला,
अडला, मागे आला, दुसरी धरली.
बोगदे त्याला वाचता येतात.
"इथे दम लागेल," एका वळणावर म्हणाला.
आणि जरा वेळाने, हळू:
"आमचं असेल?"

ठाऊक नाही, मी म्हणालो.
असेलही.

तेवढ्यात वीज गेली. शनिवारची तिची वेळच ती.
छतावरची पेटी मुकी झाली,
आवारभर एकच ओरडा,
आणि सगळ्या पोरांनी माना वर केल्या.
इतके चेहरे एकदम
मी वर्षभरात पाहिले नव्हते.

पाटी तो रुमालात गुंडाळून घेऊन गेला.
साहित्याच्या वहीत मी लिहिलं:
एक नग, निकामी, बाद.
मग "बाद" खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही.
रकाना अजून तसाच आहे.