काचसामान धुणारी

तार्तू, डिसेंबर. साडेतीनलाच दिवस
दुकान बंद करून निघून जातो.
मी बाह्या सारते, नळ सोडते.
एकतीस वर्षं या तळघरात
दुसऱ्यांच्या प्रयोगांची खरकटी काढतेय.

क्रोमियम मला नुसत्या काचेवरून कळतं:
आधी केशरी, पिकल्या संत्र्यासारखं देखणं,
काम उरकलं की शेवाळी हिरवं,
आणि हट्टी. ब्रशाला दाद न देणारं.
माझ्या डाव्या अंगठ्याच्या पेरावर
मसुराएवढा खळगा आहे.
हातमोज्याला भोक होतं, नवे यायचे होते.
आलेच नाहीत.
मोरीचं पाणी पुढे कुठे जातं, तेव्हा कुणी विचारत नसे.
नदीही विचारत नसे.

आता हा पोरगा आलाय, तावेत.
कान थंडीने लाल, डब्यात राईची काळी भाकरी.
त्याच्या चंबूत पाणी,
आणि चिमूटभर पिवळं जीवनसत्त्व.
"दुधातही असतं हे, हेल्वे."
एक बारीक नळी हवा सोडत राहते,
पोरं पेल्यात फुंकर मारतात तशी.
मग तो निळा दिवा लावतो
आणि ते पिवळं आतून हिरवट उजळतं.

तिसऱ्या रात्री पिवळं विटलं.
प्रकाशानेच खाल्लं.
जो राबवतो तोच झिजवतो,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
वहीत एक आडवी रेघ मारून तो बसून राहिला.
मी म्हटलं, "दिवा लांब सरकव जरा.
पडद्यालाही तिरीप सोसते, भर दुपार नाही सोसत."
तो हसला.
सरकवला मात्र.

गुरुवारी जिना उतरतानाच वास आला:
बडीशेपेचा, आणि त्यामागे
मे संपताना इथल्या कुंपणांवर येणाऱ्या
पांढऱ्या फुलांचा.
अल्कोहोलचं आल्डिहाइड झालं होतं.
"निम्म्याहून थोडं जास्त," तो म्हणाला, "हवेनं केलं!
थोडं पेरॉक्साइड उरतंय पाण्यात,
त्याचं अजून बघायचंय."

चंबू माझ्याकडे आला.
सवयीने मी ब्रश उचलला, ॲसिडची बाटली ओढली.
तळाशी फिकट पिवळी कड,
चहाच्या कपात राहते तेवढीच.
कोमट पाण्याने विसळला.
पुन्हा विसळला, विश्वास बसेना म्हणून.
पाण्याने भरून खिडकीकडे धरला,
खिडकीत काळोख,
म्हणून त्याच्याच निळ्या दिव्याकडे.

आरपार.
पलीकडे माझा अंगठा,
खळग्यासकट, केवढा मोठा.